कान देऊन ऐकणारे डॉक्टर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र येत असते. जिजाऊसाहेब झाल्या, अहिल्यादेवी झाल्या, सावित्रीबाई झाल्या, आनंदीबाई जोशी झाल्या. यंदा ही पाळी माझ्यावर आली. मी पडले सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पोळ्या लाटायच्या हाताने लेखणी धरायची म्हणजे जरा कठीणच. त्यातून मी चरित्र निवडले ते एका रशियन सर्जनचे! चिटणीसबाईंना सांगितले तेव्हा त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. आपल्या गल्लीशी या परदेशी गृहस्थाचा संबंध काय, असे तुम्हालाही वाटेल. पण ज्या ज्या भगिनीच्या दंडाला दवाखान्यात कधी पट्टा बांधला गेला आणि नर्सबाईंनी कानाला नळी लावून तिचा रक्तदाब पाहिला, तिच्यापर्यंत या माणसाचा हात पोचलेला आहे. त्यांचे नाव निकोलाय सेर्गेयेविच कोरोत्कोव्ह. आपल्याकडचे डॉक्टर कोरोटकॉफ असा उच्चार करतात. सामान्य लोकांना हे नाव माहीत नाही, परंतु जगातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला ते पाठ असते.

हे नाव माझ्या कानावर कसे आले ते आधी सांगते. त्यासाठी घरची एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती माझ्या धाकट्या जावेची आहे आणि तिच्या परवानगीनेच लिहिते आहे.

2004 सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. धाकटीला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि आठवा महिना चालू होता. पहिले काही महिने आम्ही तिला तपासणीला नेले. पुढे सुगीचे दिवस आले, घरात कामाची गर्दी झाली, आणि दोन महिने नेणे झाले नाही. मुलगी चांगली हिंडतेफिरते आहे, तिला काय झाले आहे, असे आम्ही म्हणत होतो. एके दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. डोके फार दुखते आणि हातातल्या बांगड्या घट्ट झाल्या आहेत असे म्हणाली. तोंडही सुजल्यासारखे दिसत होते. मी तिला काय सांगितले? पोटुशी बाईच्या अंगावर पाणी चढतेच, त्यात विशेष काही नाही, असे सांगितले. कपाळाला सुंठेचा लेप लावून दिला आणि निजायला सांगितले. मला दोन मुले झालेली, म्हणून मी स्वतःला मोठी जाणती समजत होते.

त्या रात्री तिला झटके आले. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली. कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, कोणी देवऋषाला आणायला धावले. त्यात तासभर गेला. शेवटी भाऊजींनी शेजाऱ्यांची जीप आणली. मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा रक्तदाब 180 आणि 120 होता. डॉक्टरांनी लगेच झटके थांबवण्याची इंजेक्शने दिली. धाकटी दोन दिवसांनी शुद्धीवर आली, पण बाळ गेले. मुलगा होता.

तो सुंठेचा लेप मी आजवर विसरलेली नाही. नंतर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितले, की दुपारी तिच्या दंडाला नुसता पट्टा बांधून पाहिला असता तरी आजार कळला असता. पाच मिनिटांचे काम!

तीन वर्षांनी, 2007 साली, धाकटीला पुन्हा दिवस गेले. या खेपेला मी प्रतिज्ञाच केली की एकही तपासणी चुकवायची नाही आणि प्रत्येक वेळी मी स्वतः बरोबर जायचे. तालुक्याच्या गावी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी दर वेळी आकडा विचारते, तो वहीत लिहून घेते, हे पाहून त्यांना माझे कौतुक वाटले असावे. एकदा गर्दी कमी होती. त्यांनी नळीची दोन टोके माझ्या कानांत घातली, धाकटीच्या दंडाचा पट्टा फुगवला आणि मला ऐकायला सांगितले. प्रथम काहीच ऐकू आले नाही. त्या हळूहळू हवा सोडू लागल्या. एकाएकी टप्, टप्, टप् असा आवाज सुरू झाला, जणू कोणी आतून दार ठोठावते आहे. तो काही वेळ चालला, मग मऊ, दबका झाला आणि थांबला. पुन्हा शांतता. आवाज सुरू झाला तेव्हा पाऱ्याची जी रेघ होती तो वरचा आकडा आणि आवाज थांबला तेव्हाची रेघ तो खालचा आकडा, असे बाईंनी समजावले. हे कोणी शोधून काढले असे मी विचारले, तेव्हा कोरोत्कोव्ह यांचे नाव मी प्रथम ऐकले. पुढे माझ्या भाच्याने, जो पुण्याला औषधशास्त्र शिकला, इंग्रजीतून वाचून मला त्यांची हकीकत मराठीत सांगितली. तीच आज तुमच्यापुढे मांडते.

कोरोत्कोव्ह यांचा जन्म 1874 च्या फेब्रुवारी महिन्यात रशियातील कुर्स्क या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. शालेय शिक्षण कुर्स्कलाच झाले. मग ते खारकोव्ह येथे वैद्यकीय शिक्षणासाठी गेले आणि दोन वर्षांनी मॉस्कोच्या विद्यापीठात आले. 1898 साली ते विशेष गुणवत्तेने डॉक्टर झाले व तेथल्याच सर्जरीच्या विभागात काम करू लागले.

दोनच वर्षांत, 1900 साली, चीनमध्ये परकीयांविरुद्ध मोठे बंड झाले आणि अनेक देशांच्या फौजा तिकडे गेल्या. रशियाच्या रेडक्रॉसबरोबर हे सव्वीस वर्षांचे डॉक्टर जखमींची शुश्रूषा करायला निघाले. सबंध सैबेरिया ओलांडून ते पूर्वेच्या टोकाला, व्लादिवोस्तोकला गेले. परत येताना जपान, सिंगापूर, लंका, सुएझचा कालवा असा समुद्रमार्गाने जवळजवळ अर्ध्या जगाला वळसा घालून घरी आले. या सेवेबद्दल सरकारने त्यांना सेंट ॲन हे मानचिन्ह दिले. परत आल्यावर त्यांनी सर्जरीवरचा एक जर्मन ग्रंथ रशियन भाषेत आणला. त्यानंतर सेंट पीटर्सबर्ग येथील लष्करी वैद्यकीय अकादमीत प्रसिद्ध सर्जन फ्योदोरोव्ह यांचे साहाय्यक म्हणून त्यांना बोलावणे आले.

तेथे जरा स्थिर होतात न होतात तोच 1904 साली रशिया आणि जपान यांचे युद्ध पेटले. कोरोत्कोव्ह पुन्हा रेडक्रॉसच्या तुकडीबरोबर निघाले. मांचुरियातील हार्बिन या गावी त्यांचे इस्पितळ होते. युद्धात गोळ्या लागून हातापायांच्या मोठ्या रक्तवाहिन्या फुटत, आणि कित्येक वेळा जखम वरून भरली तरी आत रक्तवाहिनीला फुग्यासारखी गाठ होई. ती गाठ फुटली तर माणूस जाई. म्हणून सर्जनला ती रक्तवाहिनी बांधून टाकावी लागे. पण बांधली तर पुढच्या हाताला किंवा पायाला रक्त कोठून मिळणार? आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून पुरेसे रक्त गेले तर अवयव वाचे, नाही तर सडून कापावा लागे. आधी कळायला काही मार्ग नव्हता.

या तरुण सर्जनला हीच काळजी लागून राहिली. शस्त्रक्रिया करण्यापूर्वीच लहान वाहिन्यांची ताकद कळावी म्हणून ते जखमी सैनिकांच्या रक्तवाहिन्या दाबून पाहत आणि त्यांवर नळी ठेवून ऐकत. असे एकेका जखमी माणसापाशी बसून ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आले, की दाबलेली वाहिनी हळूहळू सोडताना ठराविक क्रमाने आवाज येतात. आपल्याला मिळालेली ही मोठी देणगी हात वाचवायच्या खटपटीतून निघालेली आहे, हे मला फार विशेष वाटते.

त्या वेळी रक्तदाब मोजण्याचे साधन मुळी नव्हतेच असे नाही. अठराव्या शतकात स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या रक्तवाहिनीत नळी घालून रक्त किती उंच चढते ते पाहिले होते. पण माणसाची वाहिनी कापून रोज कोण मोजणार? 1896 साली इटलीतील रिव्हा-रोची या डॉक्टरांनी दंडाला बांधायचा रबरी पट्टा आणि पाऱ्याची नळी यांचे साधन केले. पट्ट्यासाठी त्यांनी सायकलच्या चाकातली रबरी ट्यूब वापरली होती. पट्टा फुगवायचा, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की किती दाब आहे ते पाहायचे. ही युक्ती उत्तम होती, पण तिच्यात एक उणीव राहिली. बोटाने नाडी चाचपून फक्त वरचा आकडा कळे. खालचा आकडा नीटसा कळत नसे.

युद्धावरून 1905 च्या एप्रिलमध्ये कोरोत्कोव्ह परत आले. त्या वर्षी रशियात सगळीकडे संप आणि उठाव चालले होते. अशा धामधुमीत, 1905 च्या नोव्हेंबर महिन्यात अकादमीच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी आपले म्हणणे मांडले. रिव्हा-रोचीचा पट्टा दंडाच्या मधल्या भागाला बांधावा, नाडी बंद होईपर्यंत फुगवावा, मग लहान मुलांसाठी वापरतात तसली नळी पट्ट्याच्या जरा खाली वाहिनीवर ठेवून ऐकावे. पूर्ण दाबलेली वाहिनी मुकी असते. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा दाब, आणि सर्व आवाज नाहीसे होतात तो खालचा दाब. बस्स! एवढेच. अकादमीच्या मासिकात ते छापून आले तेव्हा सगळे मिळून तीनशे शब्दसुद्धा भरले नाहीत. माझा हा लेख त्याच्या कितीतरी पट लांब झाला आहे, आणि त्यात नवीन शोध एकही नाही!

हे आवाज का येतात ते मला आमच्या पाटावरून समजले. पाटाचे दार पूर्ण बंद असले म्हणजे पलीकडे पाणी नाही, म्हणून आवाज नाही. दार थोडे उचलले म्हणजे पाणी खळखळाट करीत निसटते. दार पूर्ण उघडले की तेच पाणी निमूट वाहू लागते. तसेच रक्ताचे. पट्ट्याचा दाब वरच्या आकड्याहून थोडा कमी झाला की प्रत्येक ठोक्याबरोबर थोडे रक्त उसळून पुढे जाते, त्याचा आवाज होतो. दाब खालच्या आकड्याच्या खाली गेला की वाहिनी सतत उघडी राहते आणि आवाज थांबतो. वरचा आकडा म्हणजे हृदय आवळते तेव्हाचा दाब, आणि खालचा म्हणजे ते दोन ठोक्यांमध्ये विसावा घेते तेव्हाचा.

सभेत सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले असे मात्र झाले नाही. हे आवाज हृदयाचेच असतील, तेच हातापर्यंत येत असतील, अशी शंका काहींनी काढली. कोरोत्कोव्ह वाद घालीत बसले नाहीत. त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि महिन्याभरातच पुन्हा सभेपुढे येऊन आवाज त्या जागच्या वाहिनीतच उत्पन्न होतो हे दाखवले. यानोव्स्की नावाच्या वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी त्यांची बाजू घेतली, आपल्या शिष्यांकडून ही रीत तपासून घेतली आणि तिचा प्रसार केला. नव्या माणसाच्या पाठीवर जाणत्याचा हात असावा लागतो, हे आपल्या घरांत जसे खरे तसे विद्वानांतही खरे दिसते.

आता एवढा शोध लावणाऱ्याला केवढे वैभव मिळाले असेल, असे कोणालाही वाटेल. पण 1908 साली ते निघाले सैबेरियात, विटिम आणि ओलेक्मा या नद्यांच्या प्रदेशातील सोन्याच्या खाणींवरचे डॉक्टर म्हणून. 1910 साली त्यांनी रक्तवाहिन्यांच्या जखमांवरचा आपला प्रबंध पुरा करून डॉक्टरेट मिळवली आणि पुन्हा खाणींकडेच गेले. लेना नदीच्या खोऱ्यातल्या त्या सोन्याच्या खाणींवर 1912 च्या एप्रिलमध्ये संपावर गेलेल्या मजुरांवर शिपायांनी गोळीबार केला. शेकडो माणसे मेली व जखमी झाली. कोरोत्कोव्ह तेथेच होते.

त्यानंतर ते राजधानीत परतले व कामगारांच्या इस्पितळात सर्जन झाले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी त्सारस्कोये सेलो येथे अपंग सैनिकांच्या आश्रयगृहात काम केले. 1917 साली रशियात क्रांती झाली. पुढे ते पेत्रोग्राडच्या मेच्निकोव्ह इस्पितळात मुख्य डॉक्टर झाले. 14 मार्च 1920 रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे सेहेचाळीस, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे! सारा जन्म जखमी सैनिक, मजूर आणि अपंग यांच्यात गेला. त्यांच्या त्या लहानशा टिपणात गर्भवती स्त्रीचा उल्लेखही नाही.

आणि तरीही भगिनींनो, त्या शोधाचा फार मोठा लाभ आपल्या जातीला झाला आहे. तो कसा ते सांगते.

बाळंतपणात बाईला झटके येतात, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ग्रीक भाषेतून त्याला एक्लॅम्प्सिया हे नाव पडले. त्याचा अर्थ विजेसारखी लखलख, कारण तो आजार विजेसारखा अचानक कोसळतो असे वाटे. 1843 साली लंडनचे डॉक्टर लीव्हर यांनी अशा बायकांच्या लघवीतून प्रथिने जातात हे दाखवले. 1897 साली फ्रान्समध्ये व्हाके आणि नोबेकूर या डॉक्टरांना अशा बायकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे वीज अचानक पडत नाही, आधी ढग जमतात! पण ते ढग पाहायचे कसे? कोरोत्कोव्हांच्या रीतीने ते काम साध्या नर्सलाही करता येऊ लागले. पाऱ्याची नळी, पट्टा आणि कान. वीज नको, प्रयोगशाळा नको.

गर्भवतीच्या बाबतीत त्यांच्या आवाजांनी डॉक्टरांत एक वादही लावून दिला. आवाज आधी दबका होतो आणि मग थांबतो. मग खालचा आकडा दबका झाल्यावर धरावा की थांबल्यावर? गर्भवतीत कित्येकदा आवाज फार खालपर्यंत येत राहतो, म्हणून बरीच वर्षे दबक्या आवाजाचा आकडा घेत. आता मात्र आवाज थांबल्याचाच आकडा घ्यावा असे ठरले आहे, म्हणजे कोरोत्कोव्हांनी सांगितले होते तेच!

शंभर गर्भवतींपैकी साधारण दोन ते आठ जणींना हा आजार होतो. वार नीट रुजताना गर्भाशयाच्या वाहिन्या जशा रुंद व्हायला हव्यात तशा होत नाहीत, तेथून त्याची सुरुवात होते असे डॉक्टर सांगतात. पहिलटकरीण, जुळी बाळे, आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार, घरात आई-बहिणीला झालेला असणे, आणि मागच्या खेपेला झालेला असणे, अशांना धोका जास्त. पाच महिने उलटल्यावर रक्तदाब 140 आणि 90 किंवा त्याहून वर गेला, यांतला एक जरी आकडा वर गेला, तरी सावध व्हायचे. डॉक्टर चार तासांनी पुन्हा मोजून खात्री करून घेतात आणि लघवी व रक्त तपासतात. 160 आणि 110 च्या वर गेला तर एक क्षणही घरी थांबायचे नाही.

मोजण्याच्याही काही रीती आहेत. आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेकलेला असावा. बोलू नये. दंड जाड असेल तर पट्टा मोठा लागतो, लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. धापा टाकीत बसमधून उतरून लगेच हात पुढे करू नये.

धाकटीच्या दुसऱ्या खेपेची गोष्ट अर्धीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिला तिसरा महिना संपतानाच ॲस्पिरिनची अगदी कमी ताकदीची गोळी रोज सुरू केली आणि कॅल्शियम दिले. तरी सातव्या महिन्यात आकडा 146 आणि 94 झाला. माझे तर हातपाय गळाले. पण बाई शांत होत्या. त्यांनी आम्हाला तेथेच बसवून दुपारी पुन्हा मोजले, लघवी तपासली आणि मेथिलडोपा नावाच्या गोळ्या दिल्या. आज लॅबेटॅलॉल आणि निफेडिपिन हीही औषधे गर्भवतीला देतात. मात्र रक्तदाबाची सगळीच औषधे गर्भात चालत नाहीत, काहींनी बाळाला अपाय होतो, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाची गोळी तिला देऊ नये. मीठ अगदी बंद करावे का असे मी विचारले, तर त्याची गरज नाही, नेहमीचे सकस जेवण जेवू द्या असे त्यांनी सांगितले. पुढे दर आठवड्याला खेप. सदतिसावा आठवडा भरल्यावर त्यांनी वाट न पाहता कळा आणवल्या. कारण गोळ्यांनी दाब ताब्यात राहतो, पण आजाराचा शेवट बाळंतपणानेच होतो. मुलगी झाली, सव्वादोन किलोची, खणखणीत रडणारी. आज ती कॉलेजात जाते.

बाळंतपण झाले की संपले असेही नाही. त्यानंतरही काही दिवस झटके येऊ शकतात, म्हणून बाईंनी धाकटीचा रक्तदाब सहा आठवडे पाहिला. ज्या बाईला हा आजार एकदा झाला, तिला पुढे उतारवयात रक्तदाब व हृदयविकार जडण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून ती अजून दर वर्षी मोजून घेते, आणि तिच्याबरोबर मीही.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट नावाचे इंजेक्शन आहे. तेच 2004 साली धाकटीला मिळाले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या एका मोठ्या तपासणीत या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो असे दिसून आले. पण ते द्यायचे कोणाला हे आधी कळायला हवे, आणि ते कळते पट्ट्याने. आता पाऱ्याची यंत्रे मागे पडून बटणाची यंत्रे आली आहेत. ती ऐकत नाहीत, वाहिनीचे हेलकावे मोजतात. पण त्यांचा आकडा खरा की खोटा हे ठरवताना अजून माणसाच्या कानाशीच ताडून पाहतात.

हा लेख पुरा झाल्यावर मी प्रथम धाकटीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने इतक्या वर्षांत कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. त्या दुपारच्या आधी दोन दिवस तिला डोळ्यांपुढे काजवे दिसत होते आणि छातीखाली पोटात दुखत होते. पण सुगीचे दिवस, सगळे राबत आहेत, आपण कुरकुर केली तर कामचुकार म्हणतील, म्हणून ती बोलली नाही. शेवटी डोकेदुखी सोसवेना म्हणून माझ्याकडे आली, आणि मी तिला लेप लावून निजवले.

भगिनींनो, यावरून मला वाटते की यंत्राच्या आधी आपण कान द्यायला हवा. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीखाली दुखणे, तोंडा-हातांना एकाएकी सूज, यांतले काही गर्भवती बाई बोलली तर सुंठ उगाळायला बसू नका, दवाखान्यात न्या. ती बोलली नाही तर आपण विचारा. आणि काहीच त्रास नसला तरी मोजून घ्या, कारण कित्येकदा हा आजार काही न बोलताच वाढतो. 2016 सालापासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. आपल्यापैकी प्रत्येकीने आपल्या आळीतल्या एका गर्भवतीचे कार्ड दर महिन्याला पाहावे. रक्तदाबाचा रकाना कोरा दिसला तर तिच्याबरोबर दवाखान्यात जावे आणि तो भरून आणावा. याला पैसा लागत नाही, शिक्षणही सातवीचे पुरते.

लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे. आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि आळीतली प्रत्येक लेकुरवाळी सुखरूप घरी परतो, एवढीच देवाजवळ प्रार्थना करून लेख पुरा करते.